खाडीपलीकडची हाक

डोंबिवलीहून ठाण्याकडे येणारी आगगाडी कळवा सोडते आणि खाडीच्या पुलावर चढते. पूल संपतो तेथे साष्टी बेट सुरू होते. ठाणे स्थानकापासून जवळच, खाडीच्या काठी, एका जुन्या किल्ल्याचा तट आहे. आज ही खाडी ओलांडावयास फारसा वेळ लागत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी मात्र ती दोन राज्यांमधील सीमा होती. कल्याणचा मुलूख इ. स. १७२० च्या सुमारास मराठ्यांच्या हाती आला. पलीकडे साष्टीवर पोर्तुगिजांचा अंमल होता.

हा अंमल दोनशे वर्षांचा होता. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्याखालचा मुलूख तहाने पोर्तुगिजांस दिला. त्यात राहणाऱ्या कुणबी, कोळी, भंडारी, आगरी यांस कोणी विचारले नाही. वसई हे पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले. त्यांचा विजरई गोव्यास असे आणि राजा लिस्बनला. साष्टीतील गावेच्या गावे नाममात्र साऱ्यावर पोर्तुगीज सरदारांस व पाद्र्यांच्या संघांस तोडून दिली गेली. पिढ्यान् पिढ्या भातशेती कसणारा शेतकरी आपल्याच खाचरात परक्याचे कूळ होऊन बसला.

पोटावरचा घाव मनुष्य एक वेळ सोसतो. देव्हाऱ्यावरचा घाव त्याच्या मनातून जात नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या प्राचीन लेण्याचे चर्च झाले. हिंदूंच्या उघड पूजाअर्चेस बंदी आली. आईबाप गमावलेल्या हिंदू मुलांस ख्रिस्ती करून वाढवावे, असाही कायदा होता. गोव्यास इ. स. १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याची दहशत उत्तरेपर्यंत पोहोचली. या साऱ्याविरुद्ध दाद मागावी, तर ऐकणारे न्यायाधीश तेच.

खुद्द पोर्तुगिजांमध्येही सारे आलबेल नव्हते. इ. स. १६६१ मध्ये लिस्बनच्या दरबाराने आपली राजकन्या इंग्लंडच्या राजास दिली आणि मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिले. येथे जमीनजुमला करून राहिलेल्या पोर्तुगिजांस हे मुळीच रुचले नाही. विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याने बेटाचा ताबा देण्याचे जितके लांबवता येईल तितके लांबवले; अखेर १६६५ मध्ये त्यास मान तुकवावी लागली. हजारो कोसांवरून केलेल्या आज्ञेने येथल्या माणसांच्या घरादाराची वासलात कशी लागते, याचा अनुभव राज्यकर्त्यांच्या जातभाईंसही आला. रयतेची गत काय झाली असेल, ते सांगावयास नको.

पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेतील इंग्रज वसाहतवाल्यांनी अशाच दूरच्या सत्तेविरुद्ध बंड उभारले. इ. स. १७७३ मध्ये त्यांनी बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. त्यांचे गाऱ्हाणे असे की, कर आम्ही द्यावयाचे आणि ते ठरविणाऱ्या सभेत आमचा माणूस नाही. साष्टीच्या रयतेस तर अशी सभा असते हेही ठाऊक नव्हते. अमेरिकेतील लोकांनी स्वतःचे सैन्य उभारले. साष्टीच्या लोकांनी खाडीपलीकडे हाक घातली.

ती हाक पुण्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांत कल्याण-भिवंडीच्या टापूतील अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू अग्रेसर होते. या घराण्याची चिंचवडच्या देवांवर मोठी श्रद्धा होती. गंगाजींनी पेशव्यांकडे पुनःपुन्हा खेपा घातल्या, सहकारी जमविले आणि पलीकडच्या बातम्या राखल्या. हे काम वर्षानुवर्षे चालले; तलवारीच्या एका घावापेक्षा ते अवघड असते आणि बखरींत त्यास जागाही थोडीच मिळते. दरम्यान १७३० नंतर चकमकी झाल्या, १७३२ मध्ये तह झाला. साष्टी मात्र होती तेथेच राहिली. पेशव्यांसही साष्टी हवीच होती, हे येथे लपविण्याचे कारण नाही. सुपीक जमीन, बंदरे आणि खाड्यांच्या नाक्यांवरची जकात यांचा मोह कोणत्या राज्यास नसतो? परंतु रयत फितली नसती, तर नुसत्या मोहाने खाडी उतरता आली नसती.

पोर्तुगिजांस धोक्याची चाहूल लागली होती. म्हणून तर त्यांनी ठाण्यास नवा किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वीच, मार्च १७३७ च्या अखेरीस, चिमाजी आप्पांच्या योजनेनुसार मराठी तुकड्या रात्रीच्या अंधारात खाडी उतरून साष्टीत शिरल्या. वाटाडे तेथलेच होते. चिखल कोठे आणि पायवाट कोठे, हे नकाशावरून कळत नाही. तेथे जन्मलेल्यासच कळते. ठाणे पडले. पोर्तुगिजांचा उत्तरेचा सेनापती पेद्रु द मेलु याने १७३८ मध्ये ते परत घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात तो मारला गेला. मुंबईचे इंग्रज उघडपणे युद्धात उतरले नाहीत. मे १७३९ मध्ये, तटाखाली सुरुंग उडवून केलेल्या निकराच्या हल्ल्यांनंतर, वसईने शरणागती पत्करली.

वसईच्या तहात चिमाजी आप्पांनी जिंकलेल्यांशी उदारपणा दाखविला. किल्ल्यातील लोकांस आपली चीजवस्तू घेऊन जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. साष्टीतील ख्रिस्ती शेतकरी व कोळी कोठे जाणार? ते येथलेच होते. ते राहिले आणि त्यांच्या घरांत मराठी बोलीही राहिली. ठाण्यात मासुंदा तळ्याजवळ सोळाव्या शतकातील संत योहानाचे चर्च आहे. त्याच तळ्याच्या काठी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास कौपिनेश्वराचे देऊळ उभारले.

किल्ल्याचे धनी मात्र बदलत गेले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि पुढे त्यात तुरुंग केला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तीन तरुणांस १९ एप्रिल १९१० रोजी तेथेच फाशी देण्यात आले.