ड्रायरचा पट्टा तुटला तर : जालन्याहून अमेरिका-कॅनडात आलेल्यांसाठी

जालना एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये किंवा बियाण्यांच्या प्लँटमध्ये ज्यांनी मेंटेनन्स सांभाळलाय, त्यांनी कपड्यांचा ड्रायर उघडायला बिचकायचं कारण नाही. आत एक मोटार, तिची इंचभराची पुली, मोठा ड्रम, दोघांना जोडणारा लांबलचक पट्टा आणि तो ताणून धरणारी स्प्रिंगची पुली, एवढंच असतं. तरी ऐन थंडीत पट्टा तुटला की नवी मंडळी मेकॅनिकला बोलावतात आणि बिल पाहून हबकतात. त्या बिलात मजुरीच जास्त, पट्टा त्यामानाने स्वस्त असतो. म्हणून इथे रुळलेल्या घरांनी आपापले अनुभव एकत्र करून हे लिहिलंय.

आधी मशीन कोणाचं ते बघा. भाड्याच्या घरातला ड्रायर घरमालकाचा असेल तर त्याला हात लावू नका, लेखी कळवा. पुढचं सगळं स्वतःच्या मशीनसाठी आहे.

मोटार गुणगुणते पण कपडे जागचे हलत नाहीत, ही पट्टा गेल्याची खूण. ड्रम हाताने फिरवून पाहा. पट्टा शाबूत असेल तर जोर लागतो, तुटला असेल तर ड्रम गरागरा फिरतो. काही मॉडेलमध्ये पट्टा तुटला की एक स्विच मोटार सुरूच होऊ देत नाही. तेव्हा मोटार जळाली असं लगेच समजू नका.

विजेच्या बाबतीत मात्र जराही हयगय नको. इथल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट असले तरी इलेक्ट्रिक ड्रायरची लाइन वेगळी असते, २४० व्होल्टची, बहुधा ३० अँपिअरची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढाच. गॅसचा ड्रायर असेल तर कॉकही बंद करा आणि नळीला हिसका बसेल असं मशीन ओढू नका.

दाराच्या चौकटीवर मॉडेल नंबर असतो, त्यावरूनच पट्टा मागवा. 'जवळपास तेवढाच लांब' असा पट्टा चालत नाही.

उघडायची पद्धत मॉडेलनुसार बदलते. लिंटची जाळी वरच्या बाजूला असेल तर बऱ्याचदा जाळीजवळचे दोन स्क्रू काढायचे आणि पुढच्या कोपऱ्यांजवळ पुट्टीची पातळ पात सरकवून क्लिपा दाबायच्या, की वरचं झाकण उचललं जातं. पुढचा पत्रा काढण्याआधी दाराच्या स्विचच्या वायरींचा फोटो घ्या. पुष्कळ मशीनमध्ये ड्रमचा पुढचा भार या पत्र्यावरच असतो, म्हणून पत्रा निघताच ड्रमखाली लाकडाचा ठोकळा द्या.

नवा पट्टा ड्रमवर चढवताना खाचांची बाजू आत, ड्रमकडे ठेवा. जुन्या पट्ट्याची काळपट रेघ ड्रमवर उमटलेली असते, बरोबर तिच्यावरच तो बसवा. मिलमधल्या माणसाची गफलत होते ती पुढे. तिकडे व्ही-बेल्ट ढिला पडला की मोटार बेसवर सरकवून ताण देतो. इथे मोटार जागची हलवायची नाही. ताणाची पुली स्प्रिंगविरुद्ध दाबून धरायची, पट्ट्याचा लोंबता भाग तिच्या खालून नेऊन मोटारीच्या पुलीत अडकवायचा आणि हात सोडायचा. ताण स्प्रिंगच देते. मग ड्रम हाताने दोन-तीन फेरे फिरवा. पट्टा पिळला असेल तर इथेच कळतं. ताणाची पुली करकरत असेल तर तीही आत्ताच बदला, नाहीतर नवा पट्टाही लवकर जाईल.

मोटारीच्या पाटीवर आपल्याकडच्या १४४० ऐवजी १७२५ फेरे दिसतील, कारण इथली वीज ६० हर्ट्झची आहे. ड्रम मात्र मिनिटाला पन्नासच्या आसपासच फिरतो. एवढ्याशा पुलीवर पट्टा सतत वाकतो आणि हळूहळू चिरतो. म्हणून ओल्या गोधड्या एकदम कोंबू नका.

मशीन उघडलंच आहे तर आतलं लिंट व्हॅक्यूमने काढा. जिनिंगमध्ये काम केलेल्यांना कापसाची ही लव किती चटकन पेटते ते सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार तिथे घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि साफसफाई न करणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण आहे.

मशीन भिंतीशी सरकवताना मागचा हवेचा पाइप चेपणार नाही इकडे लक्ष ठेवा. दहा मिनिटं रिकामं चालवा आणि बाहेर जाऊन झडपेतून गरम हवा जोरात येतेय का ते हात धरून पाहा. हवा मंद वाटली तर कपडे घालण्याआधी पाइप साफ करा.