वैशाखातील बर्फ आणि यात्रेकरूंची वाट

अक्षय्यतृतीयेस गंगोत्री-यमुनोत्रीची दारे उघडतात. केदारनाथचीही त्याच सुमारास. तापीकाठी ऊन असह्य झालेले असते आणि बऱ्हाणपूर परिसरातील यात्रेकरू हिमालयाकडे निघतात. मंदिर उघडले म्हणजे वाट निर्धोक झाली, असा समज करून घेऊ नये. 2023 च्या मे महिन्यात केदारनाथच्या वाटेवर कुबेर हिमनाल्यापाशी बर्फ कोसळून पदयात्रा थांबवावी लागली होती.

हिवाळ्यातील हिमस्खलन बहुधा नव्या हिमवृष्टीच्या भाराने होते. वसंतात कारण निराळे असते. दिवसाच्या उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपते आणि हिमकणांची एकमेकांवरील पकड सुटते. साखरेच्या ढिगाच्या बुडाशी थोडे पाणी सोडले की ढीग खचतो. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. निरभ्र रात्री तेच पाणी पुन्हा गोठून पृष्ठभाग टणक होतो. म्हणून पहाटे जो उतार पाऊल पेलतो, तोच दुपारी घसरतो. रात्र ढगाळ व उबदार गेली असेल, तर पहाटेचाही भरवसा धरू नये.

पूर्वेकडील उतारांवर ऊन आधी पडते, पश्चिमेकडील उतार दुपारनंतर सैल होतात. तीस ते पंचेचाळीस अंशांचा चढ विशेष धोक्याचा. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर पुढे जाऊ नये. हिमनाला ऊन चढण्यापूर्वी, एकेकाने, न रेंगाळता ओलांडावा. छायाचित्रासाठी तेथे थांबण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. ती आवरलेली बरी. उशीर झाल्यास मुक्काम करावा.

4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नाथुला मार्गावर दुपारच्या सुमारास बर्फ कोसळून सात पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, दुर्घटना पंधराव्या मैलापाशी घडली, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. मार्ग बंद असल्याची सूचना मिळाल्यावर खेचरवाल्याशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोणी गाडले गेलेच, तर ते शेवटचे कोठे दिसले ती जागा नजरेत धरावी, वर आणखी बर्फ सुटत नाही ना हे पाहावे आणि तेथून खालच्या बाजूस काठ्यांनी टोचून शोध घ्यावा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. एकाने मदत बोलवावी, इतरांनी उकरणे थांबवू नये.