अल्बुकाचा कांदा पावसापासून जपा

प्रश्न : कुरळ्या पानांचा अल्बुका स्पायरॅलिस मे महिन्यात पार वाळला. मेला का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कांदा बोटांनी दाबून पाहा. घट्ट लागला तर तो जिवंत आहे, फक्त झोपला आहे. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप भागातला. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपला पावसाळा नेमका त्याच्या झोपेत येतो आणि कांदा कुजतो. म्हणून कुंडी आत्ताच पागोळ्यांपासून दूर, कोरड्या जागी हलवा. थंडीच्या तोंडावर हिरवा कोंब दिसला की पाणी सुरू करा. माती वाळल्यावरच पुन्हा द्या. मिश्रणात निम्मी तरी जाड वाळू हवी. पानांचे वेटोळे सुटून ती सरळ लोंबू लागली, तर ऊन कमी पडतंय असं समजा. शेणखत मात्र नकोच.