बंद हुकूम मागण्याआधी

बाळा, आषाढात पन्हाळ्यावर धुकं उतरलं की दुपारीच दिवा लावावा लागतो. पावनखिंडीच्या मोहिमेला निघालेली पोरं पाऊस उघडायची वाट बघत पानं पिसत बसतात. तूही त्यांच्यात बसणार. मेंढीकोट सगळ्यांनाच येतो, पण बंद हुकूम कधी मागायचा हे थोड्यांनाच उमगतं, म्हणून सांगून ठेवते.

पानं वाटायच्या आधी ठरवून घे, हुकूम बंद की कट. कटमध्ये उतारीचा रंग संपलेला पहिला गडी जे पान टाकतो, त्याचाच रंग हुकूम होतो. बंदमध्ये एकानं आपल्यातलं एक पान पालथं ठेवायचं, त्याचा रंग हुकूम. याचे नियम घरोघरी निराळे. मागणाऱ्यानं हुकमानंच मारायचं का, हेही आधीच बोलून घ्यावं. आपल्या घरी हुकूम असेल तर मारावंच लागतं आणि मला तेच बरोबर वाटतं. मागायचं आणि मग हात आखडता घ्यायचा, याला खेळणं म्हणत नाहीत.

पालथं ठेवायची पाळी तुझ्यावर आली, तर ज्या रंगाची पाच-सहा पानं आहेत त्यातली दुर्री-तिर्री ठेव. एक्का किंवा दश्शी, म्हणजे मेंढी, अडकवू नकोस, कारण हुकूम उघडेपर्यंत ते पान तुला खेळता येत नाही.

आता मागण्याचं. बदामाची उतारी आली आणि तुझ्याकडे बदाम नाही, तरच हुकूम मागता येतो. आधी पानं नीट उलगडून बघ, लाल चौकटीत एखादा बदाम लपलेला असतो. ‘उघडा’ म्हटलंस की शब्द मागे घेता येत नाही. किंमत तिथंच चुकती झाली: तुझे बदाम संपले हे तिघांना कळलं आणि हुकूम जितका तुझा तितकाच त्यांचाही झाला. लाभ मात्र अजून पदरात पडलेला नसतो. समज, हुकूम इस्पिक निघाला, तू सत्तीनं मारलंस आणि तुझ्यानंतरच्या गड्याकडेही बदाम नसले, तर तो नश्शीनं वर मारून मेंढी उचलतो. तुझ्यानंतर खेळणारा नेहमी समोरच्या पक्षाचाच असतो, हे विसरू नकोस. म्हणून चौथं पान तुझं असताना मागणं सगळ्यात चांगलं. हातात मेंढी पडलेली नसेल, किंवा भिडूचा एक्का वर असेल, तर गप्प राहून फालतू पान सोड. उघडण्याआधी जिंकलेले हात बदलत नाहीत, तेव्हा टाकलेलं इस्पिक साधंच राहतं.

तू मला शिकवलास तो मॅजिकचा खेळ, रिचर्ड गारफिल्ड यांचा, 1993 सालचा, त्यातही मला हीच शिस्त दिसली. पानावर दोन टिंबांच्या डावीकडे किंमत आणि उजवीकडे काम. किंमत आधी भरायची, मग काम चळतीवर चढतं. समोरचा त्यावर आपलं काही चढवू शकतो आणि शेवटी चढलेलं आधी घडतं. त्यानं मध्येच तुझा प्राणी मारला तरी चळतीवरचं काम सहसा थांबत नाही, ते प्राण्यापासून सुटं झालेलं असतं. पण ज्या एकावर नेम धरलास तेच नाहीसं झालं, तर काम फुकट जातं आणि भरलेलं परत मिळत नाही. किंमत भरायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारी कामं तेवढी चळतीवर न चढता लगेच होतात. म्हणून तिथेही किंमत भरण्याआधी समोरच्याकडे काय शिल्लक आहे ते बघत जा.

आणि एक. हुकूम उघडल्यावर पालथं पान ठेवणाऱ्याच्या हाती परत जातं. बाकीचे मेंढीकडे बघत असतात, तू ते पान लक्षात ठेव. इस्पिक तिर्री कुणाकडे आहे हे पक्कं झालं की उरलेली बारा इस्पिकं तिथून मोजायला लाग.