जुने पिस्तूल घेण्याआधी वॉशरची चौकशी करा

बीडजवळ धुळे-सोलापूर महामार्गावरच्या पालीत एखाद्या मुलीने १० मीटर एअर पिस्तूलचा ध्यास घेतला, तर घरच्यांना आधी धडकी भरते ती किमतीची. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही ऑलिंपिक दर्जाची पिस्तुले परदेशातून येतात. नवे घ्यायचे तर साधारण दीड ते अडीच लाख रुपये मोजावे लागतात. म्हणून बहुतेक जण वापरलेल्या पिस्तुलाकडे वळतात. त्यात गैर काही नाही. शिशाचा मऊ छर्रा आणि कमी वेग, यामुळे नळी वर्षानुवर्षे टिकते. झिजतात ते रबरी भाग, आणि मुदत संपते ती हवेच्या सिलेंडरची. सौद्यात फसगत होते ती इथेच.

आधी कागद

४.५ मिमी (पॉइंट १७७) पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सोडते. म्हणजे त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास भरते.

२५ मीटर प्रकारातले पॉइंट २२ पिस्तूल मात्र कायद्याने अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना हवाच. एका परवानाधारकाने दुसऱ्याला ते विकायचे म्हटले, तरी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून असे पिस्तूल हातातही घेऊ नका.

एअर पिस्तूल असले तरी मूळ बिल, पिस्तुलावरचा क्रमांक, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली विक्रीपावती घ्या. आयात शुल्काची सवलत घेऊन आणलेले असेल, तर पुढे विकण्यावर काही अट आहे का, ते आयातीच्या कागदांत पाहा. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची छाननी झाली, अनेक परवाने रद्दही झाले. अशा जिल्ह्यात एसटीतून पिस्तूल नेताना ते बंद पेटीत, सिलेंडर काढून आणि बिलाची प्रत सोबत ठेवूनच न्यावे.

कोणत्या जातीचे घ्यावे

दाबाच्या हवेवर चालणारे पिस्तूल आज सगळीकडे वापरात आहे आणि त्याचेच भाग तुलनेने सहज मिळतात. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुले स्वस्तात दिसतात, पण गावाकडे तो गॅस भरून कोण देणार? फाइनवेर्कबाऊ ६५ सारखी स्प्रिंगची पिस्तुले मजबूत असतात. मात्र त्यांचे सील जुने झाले की बदली शोधत फिरावे लागते. एका दट्ट्यात हवा भरणारे रशियन बैकाल इझ-४६ एम चांगल्या अवस्थेत मिळाले, तर नवशिक्यासाठी वाईट नाही. त्याला सिलेंडरच नसतो.

पैसे देण्यापूर्वी पाच तपासण्या

१. सिलेंडरवरची तारीख वाचा. बहुतेक उत्पादक उत्पादनापासून १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेच्या तपासणीत अडकतो. त्याची किंमत शून्य धरा.

२. सिलेंडर २०० बारपर्यंत भरून घ्या, दाबमापकाचा फोटो काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल, तर गळती आहे.

३. चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलायला हवा. हत्यार रिकामे आहे याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून चापाला अर्ध्या किलोचे वजन लटकवा. चाप सुटला, तर तो जुळवावा लागेल. स्क्रू गंजलेला असेल, तर जुळवताही येणार नाही.

४. टेकू देऊन १० मीटरवरून एकाच डब्यातले पाच छर्रे मारा. पिस्तुलाच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे असते. पाचही छिद्रे त्यात आरामात मावली पाहिजेत.

५. ग्रिप हातात धरून पाहा. डावखुऱ्याची ग्रिप उजव्याला चालत नाही, आणि तासलेली ग्रिप परत वाढत नाही.

खर्चाचा अंदाज

पुढचे आकडे ढोबळ आहेत. व्यवहाराच्या दिवशी विक्रेत्याकडून लेखी दर घ्या.

वापरलेले पिस्तूल: ७० हजार ते दीड लाख
नवा सिलेंडर: १५ ते २५ हजार
ओ-रिंग व सीलचा संच: २ ते ५ हजार
नवी ग्रिप: १० ते २० हजार
हातपंप: १० ते २० हजार
५०० छर्ऱ्यांचा डबा: देशी काही शे रुपये, आयात केलेला हजाराच्या पुढे

समजा, ८० हजारांत पिस्तूल ठरले. सिलेंडरची मुदत संपलेली, सील जुने आणि पंप नाही. २०, ४ आणि १२ हजार मिळवले की खर्च १ लाख १६ हजारांवर जातो. सौदा करताना हाच हिशेब विकणाऱ्यापुढे मांडा. सरावाचा खर्च वेगळा. रोज ८० छर्रे, आठवड्यातून पाच दिवस धरले, तर महिन्याला तीन-साडेतीन डबे लागतात.

सुटे भाग कुठून

रबरी ओ-रिंग मापाने मिळते, पण हार्डवेअरच्या दुकानातली साधी वॉशर २०० बारचा दाब सोसत नाही. त्यामुळे मॉडेलचे नाव सांगून मूळ संचच मागवा. महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर इथे निरुपयोगी आहे, त्याचा दाब फार तर दहा बारच्या आसपास असतो. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तर कधीच भरू नका. ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले, तर स्फोट होऊ शकतो. सीलला सिलिकॉन ग्रीस वापरा, मशीनचे तेल नको.

पिस्तूल पसंत करण्याआधी पुण्यातील बालेवाडीच्या रेंजवर किंवा मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये विचारा: या मॉडेलचे सील, सिलेंडर आणि चापाचे भाग भारतात कोण पुरवतो? किती दिवसांत? उत्तर आले नाही, तर ते मॉडेल सोडा. शक्य असेल तर चालू मुदतीचे दोन सिलेंडर आणि सीलचा एक जादा संच घेऊनच व्यवहार पूर्ण करा.

बिघाडाची किंमत किती असते, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. २५ जुलै २०२१ रोजी भारताची नेमबाज मनू भाकर हिचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. ५७५ गुणांसह ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यासोबत प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. पालीहून एकट्याने स्पर्धेला जाणाऱ्या मुलीजवळ तेवढा आधार नसतो.

म्हणून पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर शिका. सराव टिकला, तरच खरेदी करा. आणि खरेदी करताना दोन पिस्तुलांत निवड असेल, तर स्वस्त नव्हे, ज्याचे भाग पुण्यात मिळतात ते घ्या.