खाणीच्या पर्यावरण मंजुरीला आव्हान : आधी दिवस मोजा

वणी, मारेगाव, झरी-जामणी पट्ट्यात कोळसा खाण मंजूर झाली की गावात चर्चा होते ती जमिनीच्या मोबदल्याची. अपिलाची मुदत मात्र तोवर सुरू झालेली असते.

पहिले काम, तारीख पक्की करा. मंजुरीपत्र ‘परिवेश’ संकेतस्थळावर येते, कंपनीने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, ग्रामपंचायतीलाही प्रत जाते. यांपैकी सर्वांत आधीची तारीख धरून चाला. अपिलाला ३० दिवस. सबळ कारण असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडून आणखी ६०. त्यानंतर दार बंद.

मग कागद मिळवा : कंपनीचा मूळ अर्ज, पर्यावरण आघात अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त, तज्ज्ञ समितीचे इतिवृत्त. चारही समोर ठेवून वाचा. खरे काम इथेच आहे. विहिरी आटतील, सुरुंगाने भिंती तडकतील, कपाशीवर काळी धूळ बसेल, असे लोक सुनावणीत बोलले असतील तर समितीने त्यावर काय विचार केला? अर्जात नाला, जंगल, वस्ती गाळली आहे का? गोव्याच्या मोपा विमानतळाचे प्रकरण यावरच उभे राहिले. अर्जात संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित करून ती फेरविचारासाठी समितीकडे पाठवली. पुढे २०२० मध्ये जादा अटींसह परवानगी मिळाली. म्हणून ‘खाण नको’ एवढेच लिहू नका. कोणत्या पानावरची कोणती माहिती चुकीची, ते लिहा.

अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात जाते, नागपूरला नाही. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क १००० रुपये.

अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. तो नंतरवर ढकलू नका. अमेरिकेत टेक्ससच्या रिओ ग्रांदे वायू-निर्यात प्रकल्पाची मंजुरी अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केली, पण बांधकाम आधीच सुरू होते. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मंजुरी कायम ठेवून फक्त परीक्षणातल्या चुका दुरुस्त करायला सांगितले. वणीत माती उपसायला सुरुवात झाली की तुमच्याही हातातले बरेच जाते.

निकाल विरोधात गेला तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.