वर्गातले ‘द्वाड’ मूल आणि आपली नजर

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२; १ शमुवेल १६:६-७

येशूच्या वाढीविषयी लिहिताना लूक ज्ञान, शरीर व देवाची कृपा एवढ्यावरच थांबत नाही. माणसांच्या प्रसन्नतेतही तो वाढत गेला, असे तो नमूद करतो. चारचौघांत मिळूनमिसळून राहणे हाही वाढीचाच भाग आहे. संडे स्कूलमध्ये वचन पाठ झाले की नाही हे आपण पाहतो. ही वाढ मात्र क्वचितच पाहतो.

आमच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. दुसऱ्यांचे खडू हिसकावी, रांग मोडी, प्रार्थनेत खोड्या काढी. त्याला वर्गातून काढावे, या विचारापर्यंत आम्ही आलो होतो. तेव्हा एका वडीलधाऱ्या शिक्षिकाबाईंनी सुचविले, “आधी चार रविवार फक्त लिहून ठेवा.” लिहिल्यावर ध्यानात आले की, गोष्ट ऐकताना तो शांत असे, वाट पाहण्याची किंवा काही मागण्याची वेळ आली की बिनसे. मग त्याच्या आईला भेटलो. घरी तो धाकट्या बहिणीला प्रेमाने भरवीत असे! आमची नजर अपुरी होती.

अमेरिकेतील फ्रँक ग्रेशम व स्टीफन एलियट यांनी १९९० साली शाळकरी मुलांसाठी अशीच एक मोजणी प्रसिद्ध केली. २००८ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. तीत शिक्षक, आईबाप आणि थोडे मोठे झालेले मूल स्वतः, अशा तिघांना विचारले जाते. सहकार्य, स्वतःहून पुढे होऊन बोलणे, जबाबदारी, सहानुभूती व आत्मसंयम हे १९९० च्या मूळ मोजणीतील पाच मुख्य गुण. त्या मूळ मोजणीत प्रत्येक वर्तन कधीच नाही, कधीकधी की वारंवार दिसते, असे उत्तर द्यायचे असे. म्हणजे मुलाला नाव ठेवायचे नाही, वर्तन मोजायचे.

ग्रेशम यांनी एक महत्त्वाचा भेदही दाखविला. काही मुलांना ती गोष्ट येतच नाही; काहींना येते, पण ती करीत नाहीत. पहिल्यास करून दाखवावे व सराव द्यावा. दुसऱ्यास संधी द्यावी आणि केल्याबरोबर शाबासकी द्यावी. आमच्या मुलाला “मला देतोस का?” असे मागणे शिकवावे लागले.

दंगेखोर मूल सर्वांना दिसते. कोपऱ्यात गप्प बसणारे कोणाला दिसत नाही. १९९० सालीच हिल वॉकर व हर्बर्ट सेव्हरसन यांनी शाळांसाठी केलेल्या चाळणीत शिक्षकाला दोन याद्या करावयास सांगितले आहे : त्रास बाहेर काढणाऱ्या मुलांची, आणि तो आत कोंडून ठेवणाऱ्यांची. आपणही दोन्ही याद्या कराव्या.

शिक्षकांसाठी सूचना :
१. चार रविवार वर्तन लिहा. ‘वाईट’, ‘हट्टी’ हे शब्द टाळा.
२. आईबापांना तक्रार सांगण्यापूर्वी मुलाचा एक चांगला गुण सांगा.
३. वही कोणास दाखवू नका. मंडळीत चर्चा नको.
४. निदान करणे आपले काम नव्हे. अडचण टिकून राहिल्यास शाळेतील समुपदेशक वा डॉक्टरांकडे जाण्यास कुटुंबाला मदत करा. ऐकण्याचा वा दृष्टीचा दोष नाही ना, हेही तपासून घ्यावे.

चर्चेसाठी प्रश्न :
१. इशायाच्या थोरल्या मुलाला पाहून शमुवेलाची चूक कोठे झाली?
२. आपल्या वर्गात गेल्या महिन्याभरात कोणाशी आपण एकदाही बोललो नाही?

प्रार्थना : हे प्रभू, बाहेरचे पाहून निवाडा करणाऱ्या आमच्या डोळ्यांना धीर शिकव, आणि तुझ्या लेकरांपैकी एकही आमच्या उतावीळपणामुळे दाराबाहेर राहू देऊ नकोस. आमेन.